जाळीवरील वाऱ्यांची भ्रमिलता व अपसरण
संगणकीय हवामान प्रारूपातून वारा अक्षांश-रेखांशांच्या जाळीवरील बिंदूंपुरताच मिळतो. हवेचे फिरणे (भ्रमिलता) आणि पसरणे (अपसरण) शेजारच्या बिंदूंतील फरकाला अंतराने भागून काढतात. लखनौच्या चारबाग स्थानकाजवळचा 26.75° उत्तर, 81° पूर्व हा पाव अंशी जाळीचा बिंदू घेतल्यास त्याच्या उत्तर-दक्षिण शेजाऱ्यांमधले अंतर सुमारे 55.6 किमी. भरते, पूर्व-पश्चिम शेजाऱ्यांमधले मात्र 49.7 किमी.; रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात. दक्षिणेकडून येणारा वारा पूर्वेच्या बिंदूवर पश्चिमेच्या बिंदूपेक्षा सेकंदाला 5 मी. अधिक असल्यास भ्रमिलतेत दर सेकंदाला सुमारे 0.0001 भर पडते. पूर्व-पश्चिम अंतराला अक्षांशाच्या कोज्येने गुणायचे विसरल्यास ही भर दहा टक्क्यांहून अधिक कमी येते, आणि नकाशा दिसायला ठीक असल्याने चूक सहज निसटते. अपसरण त्याहून नाजूक: त्यातील दोन पदे (पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण फरकांची) बहुधा विरुद्ध चिन्हांची असून एकमेकांना जवळजवळ खोडतात; वाऱ्यातील लहानशा चुकीनेही उत्तराचे चिन्ह बदलू शकते. जाळी किती बारीक आहे यावरही उत्तर अवलंबून असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या, 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ या हवामान प्रारूपाची जाळी सुमारे 6 किमी.ची आहे. बारीक जाळीवर भ्रमिलतेची शिखरे उंचावतात; जाड जाळीशी तुलना करण्याआधी ती सरासरीने गुळगुळीत करावी लागतात.