शिमग्याची पालखी आणि वाक्याचं झाड

शाळेतलं वाक्यपृथक्करण आठवतंय का मंडळी? उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधेय... आडवे रकाने आखायचे आणि वाक्याचे तुकडे त्यात भरायचे. पाच मार्कांसाठी केलेला तो उद्योग म्हणजेच पार्सिंग, हे इंजिनिअरिंगला कंपायलर शिकवताना कोणी सांगितलं असतं तर निम्मा वर्ग जागा राहिला असता :-)

"धाकट्या भावाने जाडजूड पुस्तक लिहिले" हे वाक्य घ्या. वर वाक्य, त्याखाली दोन फांद्या: उद्देश्य आणि विधेय. उद्देश्याखाली 'भावाने', त्याला चिकटलेलं 'धाकट्या'. झालं पार्स ट्री तयार. आणि हे वाक्य उगाच घेतलेलं नाही. मालगुंडच्या केशवसुतांच्या धाकट्या भावाने, म्हणजे मोरो केशव दामले यांनी, १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केलं. त्याआधी १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं होतंच. दामले १९१३ मध्ये गेले, पण त्यांचं पुस्तक आजही अभ्यासक संदर्भासाठी उघडतात.

आता संगणकाकडे येऊ. १९६० च्या अल्गोल अहवालात भाषेचे नियम ज्या पद्धतीने मांडले, तिला बॅकस-नाऊर रूप म्हणतात. १९६७ मध्ये इंगरमन यांनी एका पत्रात सुचवलं की अशी मांडणी पाणिनीने फार आधी केली होती, तेव्हा नावात पाणिनी हवा. नाव काही बदललं नाही. असो.

नियम लिहून दिले की पार्सर आपोआप बनवून देणारी साधनं पुढे आली. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'याक' बनवलं. त्यात व्याकरणाच्या नियमाशेजारीच महिरपी कंसात सी भाषेतला कोड लिहायचा. सोय झाली, पण व्याकरण आणि त्याचा वापर यांची खिचडीही झाली. एकाच भाषेसाठी एक प्रोग्रॅम गणित करणारा आणि दुसरा नुसता छापणारा हवा असेल, तर व्याकरणाच्या दोन प्रती सांभाळा!

टेरेन्स पार यांचं 'अँटलर' हे साधनही बरीच वर्षं असा कोड व्याकरणात घेत होतं. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत मात्र त्यांनी वेगळी वाट मुख्य केली. व्याकरण कोरं ठेवा, झाड आम्ही बांधून देतो, त्यावरून फिरायचे दोन मार्ग घ्या: लिसनर आणि व्हिजिटर.

हा फरक पुस्तकी व्याख्येपेक्षा आमच्या चिपळूणकडच्या शिमग्यात पटकन कळतो. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वाट ठरलेली असते, ती तुम्ही ठरवत नाही. पालखी दारात आली की ओवाळायचं, ओटी भरायची. निघाली की नमस्कार करायचा. हा झाला लिसनर. 'वॉकर' नावाची पालखी झाडाच्या प्रत्येक घरी जाते. आत शिरताना 'एन्टर', पोटातली सगळी घरं संपवून निघताना 'एक्झिट'. तुम्ही फक्त प्रतिसाद द्यायचा. एकही घर चुकत नाही.

व्हिजिटर म्हणजे शिमग्याला मुंबईहून आलेला चाकरमानी. कोणाकडे जायचं, कोणाला टाळायचं हे तो स्वतः ठरवतो, आणि प्रत्येक घरून काहीतरी घेऊन परततो. व्हिजिटरची प्रत्येक मेथड उत्तर परत देते. लिसनरची देत नाही, त्यामुळे तिथे मधली उत्तरं स्वतःच्या स्टॅकवर ठेवावी लागतात. पण चाकरमानी एखाद्या घरी गेलाच नाही, तर त्यामागची अख्खी वाडी राहून जाते.

मग निवड कशी करायची? '२ + ३ * ४' लिसनरनेही सुटतं: गुणाकाराच्या एक्झिटला १२ हाती येतात, बेरजेच्या एक्झिटला १४. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तोवर पूर्ण अर्थ लागत नाही, तसंच हे. पण 'जर-नाहीतर' आलं की लिसनर अडखळतो. पालखी दोन्ही फांद्यांवर जाणार, आणि आपल्याला तर एकच चालवायची आहे! तिथे व्हिजिटरच हवा. उलट, फाईलमधली सगळी फंक्शनची नावं गोळा करायची असतील तर लिसनर बरा, कारण न चुकता फिरणं हेच त्याचं काम.

माझ्या मते चौथ्या आवृत्तीची खरी कमाई या दोन नावांत नाही, कोऱ्या व्याकरणात आहे. नियम एकदा नीट लिहिले की त्यावर उद्या कोणी काय बांधेल याची काळजी लिहिणाऱ्याला राहत नाही. दामल्यांनी १९११ मध्ये मराठीचे नियम मांडले, तेव्हा स्पेलचेकर किंवा मशीन ट्रान्सलेशन त्यांच्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं. तरी आज मराठीसाठी असं काही करायला बसणाऱ्याला त्यांचं पुस्तक उपयोगी पडतं. तेव्हा पुढच्या वेळी व्याकरणाच्या फाईलमध्ये "एवढी एकच ओळ कोड घालू" असं वाटलं, तर जरा हात आवरा. ती ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात. तुमच्यामागून येणाऱ्याला ती सोडवायला आठवडा लागतो.