एकखांबी तंबू

सप्टेंबर उजाडला की आमच्या डेन्व्हरच्या ऑफिसात एक वाद हमखास सुरू होतो. टीमकडे एकदा हिरा म्हणावा असा क्वार्टरबॅक आला, की त्याच्याभोवती आणखी चांगले खेळाडू आणायला हवेत, की आहे त्या माणसांत त्याने भागवावं? एक पक्ष म्हणतो, एवढा ग्रेट आहे ना, मग जिंकून दाखव. दुसरा म्हणतो, अहो पण त्याच्या हाताशी कोण आहे ते तरी बघा. इतकी वर्षं इथे काढल्यावर मलाही या वादात तोंड घालायची सवय लागली आहे. ऑफिसात बोलायला मिळतात फार तर पाच मिनिटं, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो.

पुण्याच्या काका-मावशी मंडळींसाठी आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. इथे चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. तो एक तर पुढे पळणाऱ्या रिसीव्हरकडे चेंडू फेकतो, नाही तर शेजारच्या रनिंग बॅकच्या पोटाशी देऊन त्याला गर्दीत घुसवतो. त्याच्यापुढे पाच आडदांड माणसांची भिंत असते, तिला ऑफेन्सिव्ह लाईन म्हणतात. ही भिंत टिकली तर त्याला विचार करायला दोन-अडीच सेकंद मिळतात. नाही टिकली तर तो गवतावर आडवा. बस्स, एवढं कळलं की पुढचं वाचता येईल.

आता १९८३ साल. त्या वर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातली मुलं टीमनी वाटून घ्यायच्या कार्यक्रमात, पहिल्याच फेरीत सहा क्वार्टरबॅक उचलले गेले. त्यातले तिघे पुढे फार मोठे झाले: जॉन एल्वे, जिम केली आणि डॅन मरीनो. एल्वेचा नंबर पहिला, केलीचा चौदावा, मरीनोचा सत्ताविसावा. एकाच वर्षी निघालेल्या या तिघांना तीन वेगवेगळे संसार मिळाले. माझ्या मते आमच्या ऑफिसातल्या वादाचं जे काही उत्तर आहे ते या तीन संसारांत आहे.

एल्वेला घेतलं होतं बाल्टिमोर कोल्ट्सने. त्याने तिथे खेळायला साफ नकार दिला, आणि आठवडाभरात तो डेन्व्हरला आला. त्याच्या हातात काय ताकद होती! तो इतका जोरात फेकायचा की चेंडूच्या टोकावरच्या शिवणीचा फुलीसारखा वळ झेलणाऱ्याच्या छातीवर उठायचा. त्याला 'एल्वे क्रॉस' असं नावच पडलं होतं. जानेवारी १९८७ मध्ये क्लीव्हलंडला, सामना संपायला साडेपाच मिनिटं उरलेली, टीम सात गुणांनी मागे आणि चेंडू स्वतःच्याच दोन यार्डांच्या रेषेवर. तिथून या माणसाने अठ्ठ्याण्णव यार्ड नेऊन बरोबरी साधली आणि पुढे जादा वेळेत सामना जिंकला. आमच्या गावातली म्हातारी माणसं ही गोष्ट अजूनही शिवाजी महाराज आग्र्याहून सुटल्याच्या थाटात सांगतात.

पण त्यानंतरचं बघा. दोनच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून ३९-२० हार. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनकडून ४२-१०. जानेवारी १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून ५५-१०. चार वर्षांत तीन फायनल आणि तिन्हींत धुलाई. पहिल्या हरलेल्या सामन्यातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. त्या दिवशी डेन्व्हरकडून चेंडू घेऊन सगळ्यात जास्त धावला तो खुद्द एल्वे, सत्तावीस यार्ड! म्हणजे फेकायचंही यानेच आणि पळायचंही यानेच. दुसऱ्या फायनलमध्ये वॉशिंग्टनचा टिमी स्मिथ नावाचा कोणाला फारसा माहीत नसलेला नवखा पोरगा एकटा २०४ यार्ड धावला. सुपर बोलमधला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. समोरच्या टीमकडे तसा पोरगा होता, एल्वेकडे नव्हता.

याला आपल्याकडे एकखांबी तंबू म्हणतात. बाहेरून तंबू दिमाखदार दिसतो, पण आतल्या खांबाचे हाल खांबालाच ठाऊक.

आणि त्या काळात टीमने काय केलं? १९९२ च्या ड्राफ्टमध्ये, एल्वे बत्तिशीत पोचत असताना, पहिल्या फेरीत निवडला टॉमी मॅडॉक्स. कोण हा? आणखी एक क्वार्टरबॅक! स्वयंपाकीणबाई म्हणतात भांडी कमी आहेत, आणि मालक दुसऱ्या स्वयंपाकीणबाई शोधून आणतात, त्यातलाच प्रकार. प्रशिक्षक डॅन रीव्ह्ज आणि एल्वे यांचं आधीच बिनसलेलं होतं. त्या मोसमानंतर रीव्ह्ज गेले. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.)

१९९५ मध्ये माईक शॅनहॅन मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण 'आणखी चांगले खेळाडू' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, म्हणजे मोठी नावं आणि मोठे पैसे, तसं इथे फारसं काही झालंच नाही. त्या वर्षी सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर, जॉर्जिया विद्यापीठाचा टेरेल डेव्हिस मिळाला. सहावी फेरी म्हणजे मंडईत संध्याकाळी उरलेली भाजी. उन्हाळ्यात सरावाचा एक सामना टोकियोत होता. तिथे त्याने समोरच्या धावणाऱ्याला असा काही जबरदस्त धडकून पाडला की प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर गेली. रॉड स्मिथ नावाच्या रिसीव्हरला तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नव्हतं. शॅनन शार्प आधीपासून होता, तोही सातव्या फेरीतला. भिंतीच्या मधोमध उभा राहणारा टॉम नेलन, तोही सातव्याच फेरीतला. गॅरी झिमरमनसारखा एखादा नावाजलेला गडी सोडला तर बाकी हे असंच.

लाईनचे प्रशिक्षक होते अॅलेक्स गिब्ज. त्यांची लाईन त्या वेळच्या एनएफएलमधल्या सगळ्यात हलक्या लाईन्सपैकी एक. समोरच्याला ढकलून मागे रेटण्याइतकं वजनच नव्हतं. म्हणून त्यांनी युक्ती वेगळी बसवली. पाचही जण एकदम एकाच बाजूला, कवायत केल्यासारखे सरकायचे. समोरचे त्यांच्याबरोबर ओढले जायचे आणि कुठे तरी फट पडायची. डेव्हिसने ती फट दिसेपर्यंत धीर धरायचा आणि दिसली की एकाच झटक्यात वळून आत शिरायचं. आता हा माणूस पहिल्या वर्षी १,११७ यार्ड धावला, मग १,५३८, मग १,७५०, आणि १९९८ मध्ये २,००८.

यातून एल्वेला काय मिळालं? माझ्या मते, न फेकण्याची सवलत. जानेवारी १९८७ च्या हरलेल्या फायनलमध्ये त्याने ३७ वेळा चेंडू फेकला आणि ३०४ यार्ड मिळवले. २५ जानेवारी १९९८ ला सॅन डिएगोत ग्रीन बेविरुद्ध फेकला फक्त २२ वेळा, यार्ड १२३, फेकून एकही टचडाऊन नाही. कागदावर अगदीच सामान्य दिवस. आणि त्याच दिवशी तो पहिल्यांदा जिंकला, ३१-२४.

त्या सामन्यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. डेव्हिसला अर्धशिशीचा त्रास होता. सामना ऐन रंगात असताना त्याचं डोकं उठलं आणि त्याला नीट दिसेनासं झालं. डेन्व्हर गोलरेषेपासून एक यार्डावर. शॅनहॅन त्याला म्हणाले, तुला दिसत नसलं तरी फक्त मैदानावर जाऊन उभा राहा, कारण तू नसलास तर चेंडू तुला देण्याचं सोंग त्यांना पटणार नाही. तो गेला. एल्वेने चेंडू त्याला दिल्यासारखं केलं, ग्रीन बेची माणसं डेव्हिसवर तुटून पडली, आणि एल्वे चेंडू घेऊन बाजूने निवांत आत शिरला. चांगल्या सोबत्याचा उपयोग कसा होतो यावर मी दहा पानं लिहिली असती तरी याहून जास्त काही सांगता आलं नसतं. अर्धशिशीने न दिसणारा डेव्हिससुद्धा उपयोगी पडला! डोकं शांत झाल्यावर तो पुन्हा आला, एकूण १५७ यार्ड धावला, तीन टचडाऊन केले आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला.

(एक उपकथा. ही सगळी मोट बांधताना पगाराच्या मर्यादेचे नियम मोडले म्हणून एनएफएलने पुढे डेन्व्हरला दंड केला आणि ड्राफ्टमधला हक्कही कापला. प्रकरण १९९६ ते ९८ या मोसमांतलं, आणि त्यात एल्वे आणि डेव्हिस यांना पैसे नंतर द्यायचे वायदे होते. क्लबचं म्हणणं, यातून मैदानावर आमचा काही फायदा झाला नाही. यावर ऑफिसात वेगळा वाद होतो. असो.)

आता मरीनो. मागे एमएस करायला आलेला माझा भाचा आमच्याकडे राहिला होता. टीव्हीवर मरीनो दिसला तेव्हा तो सहज म्हणून गेला, "मामा, याने तर काहीच जिंकलं नाही ना?" मला ते लागलं. दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, या माणसाने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन फेकले. एका मोसमात पाच हजार यार्ड त्याआधी कोणी ओलांडलेच नव्हते, आणि यार्डांचा तो विक्रम २०११ पर्यंत टिकला. झेलायला मार्क ड्युपर आणि मार्क क्लेटन होते, दोघेही अव्वल. म्हणजे गुणवान सोबती नव्हते असं मुळीच नाही. पण जानेवारी १९८५ च्या सुपर बोलमध्ये मरीनोने ५० वेळा चेंडू फेकला आणि मायामीने धावून मिळवले सगळे मिळून २५ यार्ड! आता फेकणारच हे समोरच्यांना ठाऊक असेल तर ते कशाला दुसरीकडे बघतील? ३८-१६ ने हरले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढे १९९९ च्या मोसमापर्यंत खेळला, पण सुपर बोलला पुन्हा पोचला नाही. त्याच्या सतरा मोसमांत मायामीचा एकच धावपटू एका मोसमात हजार यार्डांपलीकडे गेला, १९९६ मध्ये करीम अब्दुल-जब्बार. (बास्केटबॉलवाला नव्हे, हा दुसरा. :-) ) मरीनोला झेलणारे हात भरपूर मिळाले. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारा कोणी मिळाला नाही.

इथे थांबलो असतो तर गणित छान सुटलं असतं. पण जिम केली आडवा येतो. बफलोत त्याला सगळंच मिळालं होतं: थर्मन थॉमससारखा धावणारा, आंद्रे रीड आणि जेम्स लॉफ्टन झेलायला, आणि दम न घेता एकामागून एक खेळी करणारी पद्धत. १९९१ ते १९९४ सलग चार सुपर बोल खेळले आणि चारही हरले. पहिल्यात थॉमस १३५ यार्ड धावला होता, तरीही! जायंट्सचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी, बदली खेळाडू जेफ हॉस्टेटलर उभा केलेला. त्यांनी सरळ चेंडू स्वतःकडेच ठेवला, साठ मिनिटांपैकी चाळीस मिनिटांहून जास्त. केलीचे सगळे गुणवंत बाकावर बसून बघत राहिले. शेवटी ४७ यार्डांवरून मारलेली किक उजवीकडून बाहेर गेली आणि २०-१९ ने हरले. तेव्हा चेंडू हातात असताना सोबती लागतातच. पण तो हातात यायलाही कोणी तरी लागतं, आणि ते काम डिफेन्सचं.

अलीकडचं उदाहरण पाहिजे तर पॅट्रिक महोम्सचं घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये टायरीक हिल आणि ट्रॅव्हिस केल्सी दोघेही सोबत असताना कॅन्सस सिटी ३१-९ ने हरली, कारण भिंतीच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे गडी जखमी होते. मार्च २०२२ मध्ये हिलला मायामीला देऊन टाकलं आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिंत पुन्हा ढासळली, महोम्स सहा वेळा चेंडूसकट आडवा झाला आणि ४०-२२ ने हरले. माझ्याकडे पैसे असते तर मी आधी भिंतीवर घातले असते. झेलणाऱ्यांचं नंतर बघू.

आमचे ऑफिसवाले ज्याला मानत नाहीत असा एक योगायोग शेवटी सांगतो. ३१ जानेवारी १९९९. चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात सचिन पाठदुखी सोसत १३६ करून बाद झाला तेव्हा जिंकायला सतरा धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. ते तिघे चार धावांत गेले. बारा धावांनी हार. आपल्यापैकी कोणाला तो दिवस आठवत नाही? त्याच तारखेला संध्याकाळी मायामीत, म्हणजे मरीनोच्या घरच्या मैदानावर, एल्वे त्याचा शेवटचा सामना खेळला. समोर अटलांटा, आणि त्यांचे प्रशिक्षक तेच डॅन रीव्ह्ज. अटलांटाने सगळी ताकद डेव्हिसला रोखायला लावली. तरी तो १०२ यार्ड धावलाच. आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये एल्वेने चेंडू डेव्हिसला दिल्याचं सोंग केलं, मागचा बचावपटू पुढे धावला, आणि रॉड स्मिथ, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलं नव्हतं तो, एकटाच मोकळा पळत होता. ऐंशी यार्डांचा टचडाऊन. त्या दिवशी ३८ वर्षांच्या एल्वेने ३३६ यार्ड फेकले, डेन्व्हर ३४-१९ ने जिंकलं आणि मानकरी तो ठरला.