उंबराच्या फुलाचा माग

बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला ‘अगदी उंबराचं फूल झालात की!’ असे आपण हसत सुनावतो. या थट्टेचा माग काढत गेलो, की मनुस्मृतीपाशी थांबावे लागते. तिथे ‘वनस्पती’ हा शब्द सरसकट झाडाझुडपांना नाही. फुलावाचून फळणारी झाडे तेवढी वनस्पती. उंबर त्याच जातीचा. खोडाला फळांचे घोस लगडलेले, फूल मात्र कुणाच्या दृष्टीस पडलेले नाही. पाली सुत्तनिपातातल्या पहिल्याच सुत्ताने त्याला तत्त्वज्ञानात ओढले: भवात सार शोधणे म्हणजे उंबरावर फूल हुडकणे. पुढे महायान ग्रंथांनी एक मोठीच उलथापालथ केली. जे फूल नव्हतेच, ते आता क्वचित उमलू लागले, बुद्धाच्या दर्शनाइतके दुर्लभ. माझ्या मते इथेच फुलाचे नशीब पालटले, कारण नसलेल्या फुलाची वाट कोण पाहणार? इ.स. ४०६ मध्ये भिक्षू कुमारजीवाने चीनमधल्या चांगआनला यांपैकीच एका ग्रंथाचे, सद्धर्मपुंडरीकाचे, चिनी भाषांतर केले आणि उदुंबर चिनी भाषेत रुजला. ते तीन हजार वर्षांतून एकदाच फुलते, असेही लोक सांगू लागले. जपानात त्याचे ‘उदोंगे’ झाले. दोगेन या झेन आचार्याने १२४४ मध्ये त्यावर प्रवचन दिले. पुढे तिथल्या लोकांनी केसासारख्या देठांवर टांगलेल्या किड्याच्या इवल्या पांढऱ्या अंड्यांनाही तेच नाव दिले.

खरे फूल तोवर आपल्या हातातच होते. उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा. शेकडो बारीक फुले आतल्या भिंतीला चिकटलेली. टोकाच्या छिद्रातून चिमुकली गांधीलमाशी पराग घेऊन शिरते, त्या झटापटीत बहुधा पंख गमावते आणि अंडी घालून तिथेच मरते. पिकलेले उंबर फोडताच उडतात ती केंबरे म्हणजे मुख्यतः हीच प्रजा. उंबर फोडून केंबरे उडवू नयेत, असे मराठीने बजावून ठेवले, तेव्हा फूल कुणाला सापडणार!

चिनी भाषेत मात्र ‘उदुंबर’मधल्या ‘दुं’चा ‘थान्’ होऊन ‘थान्-ह्वा’ हे नाव शेवटी मध्य अमेरिकेतून आलेल्या, एकाच रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला चिकटले. आपण त्यालाच ब्रह्मकमळ म्हणतो (हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे), कुंडीत लावतो आणि कळी फुगली की शेजाऱ्यांना रात्री बोलावतो. उंबराचे फूल पाहण्याची हौस अशी परस्पर भागते.