लष्करी बंदुकांवरील सरकारी तपासणीचीं चिन्हें

जुन्या पत्राची पारख करितांना संशोधक शिक्का, मोर्तब व शेरे प्रथम पाहतो. कारण यांपैकीं प्रत्येक खूण ही दप्तरांतील एकेका कृत्याची साक्ष असते. ब्रिटिश लष्करी बंदुकांवरील चिन्हांसहि हाच न्याय लावावा.

हीं चिन्हें मुख्यतः चार प्रकारचीं आहेत. पहिलें मालकीचें. रुंद बाण ही ब्रिटिश सरकारची खूण. त्याखालीं इंग्रजी 'आय' असल्यास माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकास टोक लावून ठोकलेले असल्यास शस्त्र सरकारी सेवेंतून निघालें असें समजावें. दुसरें तपासणीचें. मुकुट, आंकडा व 'ई' हीं एकाखालीं एक असल्यास एन्फील्ड येथील त्या क्रमांकाच्या तपासनिसानें तेवढा भाग पसंत केला, इतकेंच सिद्ध होतें. तिसरें परीक्षेचें. नेहमींपेक्षां अधिक दारूचा बार सोसून नळी टिकली म्हणजे तें तिजवर उमटवीत. चौथें राजनाम, कारखाना व साल यांचें. मार्टिनी-हेन्री रायफलीच्या उजव्या अंगास मुकुट, 'व्ही. आर.' व साल आढळतें. बंगाल्यांतील ईशापूरच्या ली-एन्फील्डवर सम्राटाचीं 'जी. आर. आय.' हीं अक्षरें असत.

या ज्ञानाचा उपयोग दंतकथांच्या निरसनास होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चापांवर आरंभीं चार भागांचें हृदय असे. सुमारें १८०८ पासून मुकुट धरलेला उभा सिंह आला. तेव्हां सिंहांकित बंदूक १७६१ च्या पानिपतांतली म्हणून कोणी दाखविल्यास ती कथा टिकत नाहीं. मात्र चाप मागाहून बदललेला असूं शकतो. त्यावरील खूण चापाचा काळ सांगते, नळीचा किंवा दस्त्याचा नव्हे. यास्तव प्रत्येक भाग निराळा तपासून मग सर्वांचा मेळ पाहावा.

बनावट चिन्हेंहि पुष्कळ आढळतात. कोहाटनजीक दऱ्यांतील कारागीर विलायती रायफलींची हुबेहूब नक्कल करीत. पण इंग्रजी लिपि अपरिचित असल्यानें 'एन' उलटा पडे, कारखान्याचें नांव अशुद्ध होई. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजीं वारली, म्हणून 'व्ही. आर.' सोबत १९०३ साल आढळल्यास ती खूण खोटी.

संग्राहकांनीं गंज काढण्याच्या भरांत नळी कानशीनें घासूं नये. पातळ कागद ठेवून शिसपेनीनें प्रथम ठसा उतरून घ्यावा व तो कोणत्या भागावरचा हें नोंदवावें. शिक्का खरवडलेल्या पत्राप्रमाणें लख्ख केलेली बंदूकहि इतिहासाच्या दृष्टीनें मुकी होते.