व्हेरिएबलला स्वतःचं नाव का माहीत नसतं?

आजचा एपिसोड जरा कोडिंगवाला आहे. पण ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांनीही थांबा, कारण गोष्ट सुरू होते आमच्या किन्हीराजात, काकांच्या सोयाबीनच्या काट्यावर.

मागच्या हंगामात मी काकांना हिशेबासाठी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं वेबपेज करून दिलं. 'एकूण वजन' हे लेबल, पुढे आकडा. लेबल मी हातानं टाइप केलेलं. नंतर कोड बदलताना त्या ओळीत कडता वजा झालेलं व्हेरिएबल घातलं, लेबल तसंच राहिलं. काकांनी 'एकूण' वाचलं आणि कडता पुन्हा कापला. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी चिठ्ठी घेऊन हजर. "भाऊ, माह्ये चार किलो कुठी गेले?" काकांनी पैसे दिले. मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग वाटलं, लेबल टाइपच कशाला करायचं? व्हेरिएबललाच विचारू, तुझं नाव काय. तर ते सांगता येत नाही!

नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. फंक्शनला आपण डबा देत नाही, आतलं धान्य देतो. 312 किलो तिकडे पोचतात ते नुसते 312. शिवाय एकाच किमतीला दोन-तीन नावं असू शकतात. आपलं वाशीमच घ्या. इंग्रजांच्या कागदात 'बासिम', वाकाटकांच्या काळात 'वत्सगुल्म'. गावाकडे बघून ते जुनं नाव कळणार नाही. ते लिहून ठेवलेलं सापडतं विंध्यशक्ती दुसऱ्याच्या ताम्रपटात, जो वाशीमलाच 1939 मध्ये मिळाला.

तर कोडमध्ये हा ताम्रपट कुठे मिळतो? सी भाषेत 1989 च्या स्टँडर्डनं एक सोय दिली: मॅक्रोमध्ये हॅशचं चिन्ह लावा, कंपाइल होण्याआधीच लिहिलेल्या शब्दाची स्ट्रिंग होते. रास्मुस लर्डॉर्फच्या पीएचपीत उलटा रस्ता आला. डॉलरची दोन चिन्हं लावली की मजकुरातल्या नावावरून व्हेरिएबल सापडतं. मजा वाटते, पण याच वृत्तीतून रजिस्टर ग्लोबल्स नावाची सेटिंगही होती. लिंकमध्ये जे नाव येईल त्याचं थेट व्हेरिएबल व्हायचं. लिंकच्या शेवटी 'अ‍ॅडमिन बरोबर 1' लिहा, कोड गाफील असेल तर तुम्ही अ‍ॅडमिन! 2002 च्या 4.2.0 मध्ये ती मुळातच बंद ठेवली, 2012 च्या 5.4 मध्ये काढूनच टाकली. म्हणजे बाहेरच्या माणसाला आपल्या चिठ्ठ्या लिहू द्यायच्या नाहीत, एवढं शिकायला बरीच वर्षं गेली.

जावास्क्रिप्टचं पहिलं रूप ब्रेंडन आइकनं मे 1995 मध्ये दहा दिवसांत उभं केलं. त्यात ही सोय नव्हती. लोक जुगाड करायचे: व्हेरिएबल एका फंक्शनमध्ये गुंडाळायचं, फंक्शनचा मजकूर काढायचा आणि त्यातून नाव कापून घ्यायचं. पण साइट लाइव्ह करताना मिनिफायर नावं छोटी करतो, मग हाती काय येणार? नुसतं 'ए'.

जून 2015 च्या आवृत्तीत बरा मार्ग मिळाला. महिरपी कंसात नुसतं व्हेरिएबल लिहायचं, की त्याच नावाची की आणि तीच किंमत असलेला ऑब्जेक्ट तयार. मग ऑब्जेक्ट डॉट कीज, त्यातलं पहिलं. झालं! मिनिफायर आतलं व्हेरिएबल बदलतो, की मात्र तशीच ठेवतो. त्याच साली सी शार्पला तर यासाठी सरळ 'नेमऑफ' मिळालं. खरं सांगू, मला त्याचा अजून हेवा वाटतो.

आणि जावास्क्रिप्टला व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात. त्यामुळे काकांच्या पेजवर आता व्हेरिएबलचंच नाव आहे 'निव्वळ_वजन', आणि स्क्रीनवर तेच उमटतं. काका तरी रोजच्या पहिल्या दहा चिठ्ठ्या पेन्सिलनं ताडून बघतात.