पिंजाऱ्याच्या घरची गोधडी

ऑक्टोबरच्या सुट्टीत चार दिवस माहेरी गेले होते. पिशवीत अर्धवट शिवलेली गोधडी होती. नोकरीच्या रगाड्यात जमत नाही ते इथं होईल, असं वाटलं होतं. पण घरात पाहुणे, मुलं, दोन्ही वेळचा स्वयंपाक. तीन दिवस सुईत दोरासुद्धा ओवला नाही. चौथ्या दुपारी सगळे झोपल्यावर ओसरीवर बसले. अम्मी शेजारी येऊन म्हणाली, "थंडीच्या तोंडावर आपल्या घरात गोधडीला कधी वेळ मिळालाय का गं?"

तिच्या त्या प्रश्नात आमच्या जमातीचा इतिहास आहे.

आम्ही पिंजारी. अरबीत कापूस पिंजणाऱ्याला नद्दाफ म्हणतात. आपल्याकडचं नदाफ हे आडनाव त्यावरूनच आलं. 'हल्लाज'चा अर्थही तोच. ९२२ साली बगदादमध्ये ज्याला देहदंड दिला, तो सूफी मन्सूर हल्लाज याच नावानं ओळखला जातो आणि उत्तरेकडचे पिंजारी त्याचं नाव घेऊन स्वतःला मन्सूरी म्हणवतात. संत दादू दयाळही पिंजारी होते, असं परंपरा सांगते.

पाऊस सरला की पिंजाऱ्याचा हंगाम सुरू. दादा, म्हणजे माझे आजोबा, खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरत. ताणलेल्या तातीवर लाकडी ठोका बसला की ती थरथरायची, दबलेला कापूस फुलायचा, धूळ खाली झडायची. दादी मागोमाग खोळी भरायची, गाद्यांना टाके घालायची. नाकातोंडात कापसाचे तंतू, रात्रभर खोकला. लोकांच्या रजया थंडीपूर्वी तयार व्हायच्या. आमच्या अंगावर मात्र गोधडी, आणि गोधडीत कापूस नसतोच. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोरा घातला की झाली. तीही दादी उन्हाळ्यात, काम नसताना शिवायची.

या बायकांच्या कष्टाची नोंद कुठं सापडते? इसामीनं १३५० च्या सुमारास बहमनी राज्यात 'फुतूह-उस्-सलातीन' हे फारसी काव्य पूर्ण केलं. त्यात रझिया सुलतानवर टीका करताना तो बाईची जागा चरख्यापाशी असल्याचं सुचवतो. भारतातल्या चरख्याचा जुना, स्पष्ट उल्लेख म्हणून इतिहासकार इरफान हबीब यांनी त्याकडे लक्ष वेधलं. म्हणजे आपल्या दख्खनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात सूत कातणारी बाई आली, पण ती दुसरीला खाली बसवण्यासाठी. तिनं दिवसभर किती सूत काततलं, रात्री काय पांघरलं, हे कुणी लिहिलं नाही.

पुढं पिंजायची यंत्रं आली, फोमच्या गाद्या आल्या. दादांचं पिंजण माळ्यावर गेलं आणि तिथंच वाळवीनं खाल्लं. दादीची गोधडी तेवढी उरली. माझ्या गोधडीचा आतला थर तीच आहे. विरली होती, म्हणून वरून नवं कापड लावतेय.

अम्मीला आता सुईचं नेढं दिसत नाही. मी दोरा ओवून दिला. तिनं बोटांनी चाचपत तीन रांगा घातल्या, माझ्यापेक्षा बारीक आणि सरळ. चौथी सुरू केली तोच आतून हाक आली, "चहा टाकतंय का कुणी?"

अम्मी उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला बसवलं आणि आत ओरडून सांगितलं, "तुम्हीच टाका, आम्हालाही दोन कप आणा."