अन्ननलिकेतील स्टेंट : एका उपचाराची वाटचाल

प्रस्तावना :
अन्ननलिकेचा कर्करोग पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. प्रथम भाकरी, मग भात आणि अखेरीस पाणीही रुग्णाला गिळता येईनासे होते. रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला असला, तरी आत नळी बसवून बंद झालेला मार्ग मोकळा करता येतो. या नळीस ‘स्टेंट’ म्हणतात. दातांचा ठसा घेण्याचे मिश्रण सिद्ध करणारे इंग्लिश दंतवैद्य चार्ल्स स्टेंट (१८०७–१८८५) यांच्या नावावरून हा शब्द आला, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या उपचाराचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

कठीण नळ्यांचा काळ :
१८८०च्या दशकात लंडनच्या गाइज रुग्णालयातील चार्टर्स सायमंड्स यांनी अशी नळी यशस्वीपणे बसवली. ती खाली सरकू नये म्हणून तिला बांधलेला रेशमी दोरा तोंडावाटे बाहेर राखला जाई. १९२४ साली हेन्री सूटर यांनी जर्मन सिल्व्हरच्या तारेची वेटोळी नळी वापरली. १९५९ मध्ये सेलेस्टिन यांची प्लास्टिकची नळी आली. मात्र ती जागी ओढून घेण्यासाठी पोट उघडावे लागे. पुढे दुर्बिणीमुळे ही शस्त्रक्रिया टळली. तथापि, रुंद नळी आत सारताना अन्ननलिका फाटण्याचे भय कायम राहिले.

प्रसरणशील जाळी :
१९९०च्या दशकात धातूच्या, आपोआप उलगडणाऱ्या जाळीने हे भय बरेच कमी केले. जाळी मिटलेल्या स्थितीत आत जाते आणि जागेवर हळूहळू फुलते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४२ रुग्णांवरील जर्मन अभ्यासात गिळण्यातील सुधारणा प्लास्टिकच्या नळीइतकीच आढळली. गुंतागुंत मात्र धातूच्या जाळीने पुष्कळच कमी झाली. जाळीच्या छिद्रांतून गाठ आत वाढू लागल्याने तिला आवरण देण्यात आले. परंतु आवरण असलेली जाळी अधिक सहज सरकते, असे दिसून आले.

निष्कर्ष :
२००४ साली नेदरलँड्समधील २०९ रुग्णांच्या अभ्यासाने स्टेंटची तुलना अन्ननलिकेच्या आतून दिलेल्या किरणोपचाराशी केली. स्टेंटने आराम लवकर मिळाला; किरणोपचाराने तो अधिक काळ टिकला. म्हणजेच रुग्णाचे किती दिवस उरले आहेत, यावर निवड अवलंबून असते. यांपैकी कोणत्याही साधनाने रोग बरा झाला नाही. उरलेल्या दिवसांत रुग्णाला तोंडाने घास घेता यावा आणि त्यासाठी त्याला कमीत कमी यातना सोसाव्या लागाव्यात, हीच या उपचाराच्या प्रगतीची खरी कसोटी होय.